त्रेचाळीस दाते

जीप आता झकास चालते. चिखलात घातली तर कुरकुर नाही, स्टिअरिंग एका बोटानं वळतं, पुढची आणि मागची चाकं एका जिवानं फिरतात. गॅरेजात येणारे लोक बॉनेटवर थाप मारून म्हणतात, "काय काम झालंय राव!" आणि मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटते. त्या गाडीच्या पुढच्या एक्सलमध्ये काहीएक चुकलेलं नाही. चुकलो तो मी, आणि ती चूक सोडवायला कुठला पाना लागत नाही.

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. आमचं म्हणजे पाटीवर माझं, पण उभं केलं वस्तादांनी. दहावीला गणितात गचकलो तेव्हा वडिलांनी मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "ह्याला हिशोब येत न्हाय, तुमच्याकडं काय जमतंय का बघा." वस्तादांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मला मोजायला त्यांनी शिकवलं. शाळेनं नाही.

मोजणं ही आमच्या धंद्यात मोठी गोष्ट आहे. फोर व्हील गाडीला पुढं एक एक्सल, मागं एक एक्सल. दोन्हींच्या पोटात एकेक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं एक लहान पिनियन. पुढच्या जोडीचे आणि मागच्या जोडीचे दाते सारखे असावे लागतात. नसले, तर फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एका गतीनं पळू बघतात आणि मागची दुसऱ्या. एका जोखडाला तरणा बैल आणि म्हातारा बैल जुंपल्यासारखं होतं. दोघंही ओढतात आणि शेवटी मधलंच काहीतरी तुटतं. बाहेरून दोन एक्सल जुळ्या भावांसारखे दिसतात, पोटात मात्र फरक असतो. म्हणून झाकण उघडून मोजायचं.

आणि आमच्या गॅरेजात याचा एक नियम होता. वस्तादांच्याही वस्तादांपासून चालत आलेला. एकानं मोजलं की दुसऱ्यानं मोजायचं नाही. ज्यानं मोजलं त्यानं हाउसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, खडूनं आकडा लिहायचा आणि तो आकडा म्हणजे त्याची जबान. चुकलं तर सगळं पुन्हा तोच उघडणार, तोच बसवणार. मी नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो होतो, दोघांनी मोजलं तर जास्त चांगलं की. वस्ताद म्हणाले, "दोघांनी मोजलं की चुकीचा मालक कोणच ऱ्हात न्हाय. ह्यो म्हणतोय त्यानं बघितलं आसंल, त्यो म्हणतोय ह्यानं." मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तरी मी काय केलं ते सांगतो.

सुरुवात त्याच्याही आधी झाली, गेल्या उन्हाळ्यात. कागलच्या एका माणसाची गाडी वस्तादांनी चाकं काढून ब्रेकच्या कामाला घेतली होती. चाक परत चढवताना कुणीतरी बोलायला आलं, आणि एका चाकाचे नट हातानं फिरवलेले तसेच राहिले. गाडी कागलच्या अलीकडं पोचेपर्यंत चाक डुगडुगायला लागलं. माणूस शहाणा, थांबला. कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजच्या दारात येऊन असा ओरडला, की चार गाळ्यांतली माणसं बाहेर आली. वस्ताद तेव्हा आले नव्हते. मी म्हणालो, "माझ्याकडनं ऱ्हायलं, साहेब. माझी चूक." त्यानं मला काय काय म्हणायचं ते म्हटलं आणि गेला. शेजारच्या लेथवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी कामाला लागलो.

नट राहणं कुणाकडूनही होतं. माझ्याकडून तरुणपणी दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा वस्तादांनी मला भर गॅरेजात असं झाडलं होतं की रडू आलं होतं. पण तो विषय त्याच संध्याकाळी मिटला होता. त्यांच्या बाबतीत मात्र मी तोंड उघडलं नाही. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की चिडायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा. त्या दिवसापासून वस्तादांनी आवळलेला प्रत्येक नट मी त्यांची पाठ वळली की पुन्हा आवळायला लागलो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे खरं. पण ताक फुंकणाऱ्याला लाज नसते, मला होती. म्हणून मी लपून करायचो आणि त्याला मान राखणं म्हणायचो.

पावसाळ्यात वस्ताद हळूहळू कमी यायला लागले. आधी सकाळचे उशिरा, मग फक्त दुपारचे. आले तरी खुर्चीत बसायचे, कुणी काही विचारलं तर सांगायचे. मग खुर्चीही रिकामी राहायला लागली. मी मनात म्हटलं, वय झालं. सोयीची गोष्ट मनाला लगेच पटते.

दिवाळीच्या आसपास चाची गॅरेजात आल्या. वस्तादांच्या बायकोला मी पहिल्यापासून चाची म्हणतो. गॅरेजात येणारी ती बाई नव्हे, तीस वर्षांत चारदा आल्या असतील. आत न येता दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "लेका, त्यास्नी येखादं काम दे. कसलंबी दे. घरात नुस्तं भिताडाकडं बघत बसत्यात. दोन घास बी धड खाईनात. काल मला म्हणाले, आता माझा काय उपेग हाय? आरं, असं बोलणारा माणूस न्हवं त्यो." आणि पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, चाची, उद्याच बोलावतो.

काम होतंच. ही जीप गॅरेजची स्वतःची. रस्ता सोडून अडकलेल्या गाड्या ओढून काढायला आम्ही ठेवलेली. पेठ वडगावजवळ उसाच्या रानात रुतलेली एक ट्रॉली ओढताना जीपचं पुढचं चाक पाटात धाडकन उतरलं होतं आणि पुढच्या एक्सलचं हाउसिंग वाकलं होतं. तिची चाकं वरून बाहेर फाकायची, टायर एका कडेनं खायची. सरळ करण्यात अर्थ नव्हता, एक्सलच बदलायला हवा होता. वारणानगरकडच्या एका भंगारवाल्याकडं मोडीत निघालेल्या जीपचा पुढचा एक्सल मिळाला. गंजलेला, पण सरळ. मी तो टेम्पोत घालून आणला आणि तसाच वस्तादांच्या घरी गेलो.

"वस्ताद, जीपचा पुढचा एक्सल बदलायचाय. तुम्ही करायचा. मी हाताखाली."

ते कॉटवर बसले होते. म्हणाले, "मला दिसत न्हाय मर्दा नीट."

"हाताला दिसतंय की."

त्यांना हसू आलं. उठून त्यांनी खुंटीवरचा खाकी शर्ट काढला. चाची आतल्या दारातून बघत होत्या. त्या वेळी मला वाटलं, मी आयुष्यात एक चांगलं काम करतोय. खरंच वाटलं. हे काम नीट पार पडलं तर हा माणूस परत उठून बसेल, नाहीतर त्या भिंतीकडं बघत संपेल, हे मला लख्ख कळत होतं. लख्ख कळून मी पुढचं केलं, हेच तर रडणं आहे.

पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. जीपचं तोंड उचलून चेसिसखाली ओंडके लावले, चाकं काढली, ब्रेकचे पाइप सोडवले, प्रोपेलर शाफ्ट सोडवला. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट गंजून एकजीव झाले होते. मी म्हटलं, कापून टाकू. वस्ताद म्हणाले, "थांब, घाई कुणाला हाय?" आणि रॉकेल सोडून, हातोडीनं बारीक टकटक करत, एकेक नट असा फिरवून काढला की शेजारचा लेथवालाही मशीन बंद करून बघायला आला. त्यांचा आवाज परत आला होता. मला शिव्या पडत होत्या. पाना चुकीचा दिला की "डोळं माझं गेल्यात का तुझं?" म्हणून ओरडायचे. संध्याकाळी चाचींचा फोन आला, दोन भाकऱ्या खाल्ल्या म्हणून.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आणलेला एक्सल आम्ही दोन ओंडक्यांवर ठेवला आणि त्याचं झाकण उघडलं. जुनं काळं तेल काढलं, आतली चाकं रॉकेलनं धुतली. वस्ताद पाटावर बसले. फडक्यानं क्राउनचा एक दाता कोरडा केला, त्यावर खडूची रेघ ओढली, म्हणजे कुठून सुरुवात केली ते कळावं. मग डाव्या हातानं पिनियन फिरवत, उजव्या हाताचा अंगठा एकेका दात्यावर टेकवत मोजायला लागले. मोठ्यानं, शाळेतल्या पाढ्यासारखं नाही, हळू, प्रत्येक आकड्याला जागा देत. डोळे मिटलेले होते. मी शेजारी उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्या अंगठ्याकडं होतं. मध्येच बाहेर कुणाच्यातरी ट्रकनं हॉर्न दिला. अंगठा क्षणभर थांबला आणि पुढं सरकला.

"त्रेचाळीस," वस्ताद म्हणाले. मग पिनियन मोजलं. "आठ. मागच्याला बी हेच हाय. जमलं मर्दा." हाउसिंगवर खडूनं त्रेचाळीस आणि आठ लिहिलं. मग रॉकेलचं फडकं घेऊन दात्यावरची रेघ पुसून काढली, खडूची भुकटी तेलात जाऊ नये म्हणून. हात धुतले, खिशातली टोपी काढली आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले.

मी एकटा राहिलो. आणि तो हॉर्न माझ्या डोक्यातून जाईना. अंगठा थांबला होता तेव्हा तो कुठल्या दात्यावर होता? थांबून पुढच्यावर गेला, की त्याच दात्याला दोनदा मोजलं? एक जरी चुकला तर जोडी वेगळी, जीप मोडणार. आणि जीप मोडली तर वस्तादही मोडणार, असं मी स्वतःला समजावलं. बघा माझा शहाणपणा. त्यांच्या भल्यासाठीच त्यांचं मोजलेलं पुन्हा मोजायचं होतं. ते नमाजाला बसले असताना, मागच्या मागं. गॅरेजात झाडू मारणाऱ्या पोरालाही मी काहीतरी आणायला पाठवलं, इतका मी चोर झालो होतो.

खडू घेतला, एका दात्यावर रेघ ओढली आणि मोजलं. बेचाळीस भरले.

काय करायचं आता? सांगायचं कसं? त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं दुसरा एक्सल आणायचा, याला चिरा पडल्यात म्हणून सांगायचं, असली खोटी खोटी वाक्यं माझ्या डोक्यात तयार व्हायला लागली. मग म्हटलं, परत एकदा. पहिली रेघ तेलात फिस्कटली होती, म्हणून दुसऱ्याच दात्यावर ठळक रेघ ओढली आणि परत मोजलं, या वेळी वस्तादांसारखं, अंगठा टेकवून. त्रेचाळीस. तिसऱ्यांदा मोजलं. त्रेचाळीसच. धडधाकट डोळ्यांनी मोजलं तेव्हा मी चुकलो होतो, आणि मिटलेल्या डोळ्यांनी त्यांचं बरोबर आलं होतं.

मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. फडकं घेऊन खडू पुसला. तेवढ्यात लेथवाल्यानं चहाला हाक मारली आणि मी हात पुसत पुसत तिकडं गेलो. दोन कप चहा प्यायलो. इतका चवीचा चहा मी त्या महिन्यात प्यायलो नव्हतो.

वस्ताद परत आले, झाकणाचं पॅकिंग कापून तयार केलं. झाकण लावायच्या आधी ते नेहमी आत एकदा तळहात फिरवतात, धूळ-कचरा राहिला असेल तर कळावा म्हणून. तसा फिरवला. हात बाहेर काढला तर अंगठा पांढरा झाला होता. मी एक रेघ पुसली होती आणि दुसरी तशीच सोडून चहाला गेलो होतो.

त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला. बोटावर बोट घासून पाहिलं. मी हातात बोल्टची वाटी घेऊन समोर उभा होतो. अंगठा शर्टाला पुसला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "किती भरलं?"

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

"हं."

फडक्यानं उरलेला खडू पुसला, झाकण लावलं, बोल्ट आवळले. शेवटचा बोल्ट झाल्यावर पाना माझ्यापुढं धरून म्हणाले, "तुमी बघून घ्या येकदा."

तुमी. मला! ज्या माणसानं मला तीस वर्षं मर्दा आणि गाढवा सोडून तिसरं काही म्हटलं नव्हतं, तो मला तुमी म्हणत होता. "वस्ताद, असं का करताय?" मी म्हणालो. ते पाना धरून तसेच उभे राहिले. शेवटी मी तो घेतला आणि त्यांच्यासमोर त्यांचे बोल्ट तपासले. सगळे चोख होते.

काम त्यांनी अर्ध्यावर सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पुढचे दोन दिवस येऊन त्यांनी एक्सल पाट्यांवर बसवला, यू बोल्ट, टायरॉड, ब्रेकचे पाइप, त्यांतली हवा काढणं, दोरी लावून चाकं सरळ करणं, सगळं केलं. आणि प्रत्येक टप्प्याला मला हाक मारून बोलावलं. "या. बघा." शिव्या नाहीत, ओरडणं नाही. मी मुद्दाम चुकीचा पाना दिला, ओरडावं म्हणून. त्यांनी तो ठेवून बरोबरचा स्वतः उचलला.

जीप बाहेर काढली तेव्हा मी म्हणालो, "वस्ताद, बसा. पहिली फेरी तुम्हीच मारायची." ते म्हणाले, "चालवणाऱ्यानं चालवावी." मी एकटा नदीकाठच्या कापलेल्या उसाच्या रानात गेलो, फोर व्हील टाकली आणि ओल्या सरीतून गाडी आडवी-उभी फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथं गणपती अगदी हुबेहूब झाला होता, फक्त ज्याच्यासाठी केला तो देवळातून निघून गेला होता.

परत आलो तेव्हा वस्ताद हात धुऊन, शर्ट घडी करून तयार होते. मी म्हटलं, "उद्या एक गिअरबॉक्स यायचाय." ते म्हणाले, "तुमी हाईसा की." त्यांची हत्यारांची पेटी कोपऱ्यात होती, ती मी उचलून द्यायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गॅरेजची हाय." गेले ते गेले.

आठ दिवसांनी मी घरी गेलो. चाचींनी आत जायची खूण केली. वस्ताद कॉटवर होते. मी खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं."

मग ते बोलायला लागले, आणि शेवटचं माझ्याशी आपल्या माणसासारखं बोलले ते तेव्हा.

"कागलच्या गाडीचं नट मीच ढिलं सोडलं हुतं. लेथवाल्यानं मला त्याच दिवशी सांगितलं. तू गिऱ्हाइकाला म्हणालास, माझी चूक."

"तुमचं नाव जाऊ नये म्हणून, वस्ताद."

"नाव! मी वाट बघत बसलो हुतो मर्दा. म्हटलं, ह्यो येईल. चारचौघांत नसंल म्हणत, मागं नेऊन म्हणंल, म्हाताऱ्या, डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? मी म्हटलो असतो, चुकलं. आन पुढच्या कामाला लागलो असतो. तू काय बोललाच न्हाईस. गप माझ्या मागनं पाना लावत फिरलास. दिसत कमी हुतं मला, ऐकू येत हुतं की. नट फिरल्याचा आवाज मला कळत न्हाय व्हय? मेलेल्या माणसाच्या मागनं लोक सामान आवरत्यात, तसा आवरत हुतास तू. तुला मोजायचं हुतं, तर माझ्या म्होरं मोजायचं. म्हणायचं, म्हाताऱ्या, हॉर्न वाजला तवा तुझा अंगठा थांबला, माझा इस्वास न्हाय. मीबी मोजलं असतं परत."

त्यांनाही तो हॉर्न आठवत होता.

आता इथं मला तोंड उघडायला जागा होती. त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. कोल्हापूरचा माणूस मी, रस्त्यात धक्का लागला तर दोन शिव्या हासडून पुढं जाणारा. मी म्हणायला हवं होतं, हो, नव्हता विश्वास. कागलचा माणूस मेला असता. डोळ्यांचं ऑपरेशन करत नाही तुम्ही, हट्टाला पेटलाय, आणि मला भीती वाटते तुमच्या हाताखालून गाडी बाहेर सोडायला. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मला दुप्पट सुनावलं असतं आणि आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी गॅरेजात असतो, याबद्दल मला आज तिळमात्र शंका नाही. पण त्यांचा चेहरा बघितला, आणि तीच जुनी सवय, तोच जुना मऊपणा जिभेवर आला.

मी म्हणालो, "जाऊ द्या वस्ताद. लई केलंसा आयुष्यभर. आता आराम करा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. आराम करा! शत्रूलाही म्हणू नये ते मी त्यांना म्हटलं, आणि तेही प्रेमानं. त्यानंतर चार वेळा गेलो, चारही वेळा झोपलेत असं चाची सांगायच्या. पाचव्या वेळी त्यांनी ते सांगताना माझ्याकडं बघायचंही टाळलं. मग मी जायचं सोडलं.

घरी बायको म्हणते, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, म्हातारी माणसं अशीच असतात. लेथवाला म्हणतो, परत मोजण्यात गैर काय, कारखान्यात तीन-तीन जण तपासतात. दोघंही बरोबर आहेत. त्यांनी बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग नाही. रात्रंदिवस मी त्या दिवशी न बोललेलं वाक्य परत परत बोलून बघतो, कधी ओरडून, कधी हसत, कधी शिवी घालून, आणि प्रत्येक वेळी ते जमतं. समोर माणूस नसला की सगळं जमतं.

परवा लेथवाल्यानं सांगितलं, वस्तादांचे दोन्ही डोळे झाले. चाचींच्या भावानं मिरजेला नेऊन ऑपरेशन करून आणलं, आता पेपरसुद्धा बिनचष्म्याचे वाचतात. मला कुणी कळवलं नव्हतं. ज्या ऑपरेशनसाठी मी दोन वर्षं त्यांच्या मागं लागलो होतो, ते माझ्याशिवाय झालं होतं. मी काम टाकून तसाच निघालो. वाटेत ठरवलं की आज सगळं तोंडावर बोलायचं, शिव्या खायच्या, हाताला धरून गॅरेजात आणायचं.

वस्ताद दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. दाढी केलेली, अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा. मी फाटक उघडलं तसा त्यांनी पेपर खाली घेतला आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. स्वच्छ, निवळलेले डोळे. इतकं नीट त्यांनी मला कित्येक वर्षांत पाहिलं नसेल. ओळखण्यात काही चूक व्हायला जागाच नव्हती.

"या पावणं," ते म्हणाले, रस्त्यावरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला आम्ही म्हणतो तसं. रागानं नाही, अगदी अदबीनं. उठून त्यांनी मला स्वतःची खुर्ची पुढं केली. "बसा. च्या घेनार का?"

त्या घरात तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन स्वतःच पातेल्यावरचं झाकण काढून बघायचो, शिल्लक असेल तर ओतून घ्यायचो. वाटेत सगळं ठरवून आणलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

"नको नको," मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलो."